कुत्र्यांचं पातळ

कुत्री माझी नव्हती. ती बायकोची होती, आणि खरं म्हणाल तर तिचीही नव्हती. देवळाली कॅम्पात फौजी कुटुंबांच्या बदल्या सतत चालायच्या. बदलीचा हुकूम आला की सामान लाकडी पेट्यांत भरलं जायचं, कपाटं-खुर्च्या विकल्या जायच्या आणि कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न शेवटच्या दिवशी उरायचा. मग कुणीतरी आमच्या घराचा पत्ता सांगायचं. दोन महिन्यांत येऊन नेतो, असं म्हणून ते साखळी बायकोच्या हातात द्यायचे. न्यायला कुणीच आलं नाही. अशी तीन जमली. चौथा रस्त्यावरचा, एका पायाने लंगडा. तो आपला आपण आला आणि राहिला.

पहिली आली ती पिवळट लॅब्रेडोर. ती आली तेव्हाच पिकलेली होती, म्हणून तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. मग एक काळा अल्सेशियन, दिसायला वाघ आणि तोफांचा सराव सुरू झाला की पलंगाखाली. तिसरं एक पांढरं पॉमेरियन, त्याला जगातलं काहीच पसंत नव्हतं. त्यांच्या आधीच्या मालकांनी ठेवलेली इंग्रजी नावं बायको वापरत नसे. ती सगळ्यांना मिळून "चला रे" म्हणायची आणि चौघं यायची.

मी कॅम्पातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. पोरांना नकाशावर सगळं जग फिरवून आणलं, स्वतः मात्र सुट्टीतसुद्धा फार तर शेजारच्या भगूरपर्यंत. कुत्री सोडून जायचं कसं, हे बायकोचं उत्तर ठरलेलं असायचं. मी कुरकुरायचो. घरभर केस, ओल्या अंगाचा वास, पोस्टमन फाटकाबाहेरूनच हाका मारतो. ती सगळं ऐकून घ्यायची आणि करायचं तेच करायची.

संध्याकाळी मागच्या ओट्यावर जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, चार थाळ्या मांडल्या जायच्या. बाजरीची भाकरी ताकात कुस्करून, शनिवारी त्यावर हाडांचं पाणी. भाकऱ्या थापण्यापासून थाळ्या घासण्यापर्यंत तिच्या अंगावर एक ठरलेलं जुनं सुती पातळ असायचं, वांगी रंगाचं, धुऊन धुऊन विटलेलं. काम झालं की ते मागच्या दाराच्या खुंटीला टांगायचं. घरात त्याचं नाव 'कुत्र्यांचं पातळ' असंच पडलं होतं. एरवी ते कधीच पोतेऱ्यात गेलं असतं. पण ते तिच्या थोरल्या भावाने भाऊबीजेला घातलेलं होतं, आणि दादाचं पातळ टाकवत नाही, असं ती म्हणायची.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच थंडीत ती गेली. आजारपण म्हणावं असं काही झालंच नाही. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. नातेवाईक आले, दिवस झाले, बायकांनी तिचं कपाट रिकामं केलं. रेशमी लुगडी मुलीने नेली, सुती पातळं कामवाल्यांना वाटली. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. मागच्या दाराच्या खुंटीकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्या दिवसांत कुत्री जेवत नव्हती. थाळ्या मांडल्या की यायची, हुंगायची आणि निघून जायची. म्हातारीने तर हाय खाल्ली होती, तोंडातून लाळ गळायची आणि ती डोळेसुद्धा उघडायची नाही. पाहुणे परतल्यावर घरात मी आणि ही चार, सगळेच उपाशी. एका संध्याकाळी म्हातारीचं तोंड पुसायला हाताला लागेल ते घ्यावं म्हणून मी खुंटीवरचं पातळ ओढलं, तिचं तोंड पुसलं आणि ते खांद्यावर टाकून थाळी पुढे सरकवली. ती उठली. पातळाच्या पदराला नाक लावून बराच वेळ उभी राहिली आणि मग जेवली. तिच्यामागे बाकीचे जेवले. मी तिथेच ओट्यावर बसून रडलो. बायको गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी मागचं दार लावून घ्यायचो, पातळ खांद्यावर घ्यायचो आणि कुत्र्यांना वाढायचो. दार लावायचं कारण सांगायला नको. निवृत्त मास्तर बायकोचं पातळ पांघरून हिंडतो म्हटल्यावर कॅम्पाच्या बाजारात चहाबरोबर दुसरं काय लागतं? ते पातळ मी कधी धुतलं नाही. वास गेला तर कुत्री पुन्हा उपाशी राहतील, असं मी मनाशी म्हणायचो. वाढून झालं तरी ते लगेच खुंटीला जायचं नाही. अंधार पडेपर्यंत मी तसाच बसून राहायचो. बोलायला कुणी नव्हतं. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून "चला रे" एवढे दोनच शब्द निघायचे.

पुढच्या वर्षी मुलगी बाळंत झाली. ती बडोद्याला दिली होती, तिथल्या एका जुन्या मराठी घरात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माहेरी बाई लागते, आणि माझ्या घरात होते एक मास्तर आणि चार कुत्री. ते सगळं तिच्या सासूबाईंनी केलं. मला त्याची लाज वाटत होती. घरी फोन नव्हता, शेजारच्या बाईंकडे निरोप यायचे. मुलीने तिथे फोन करून मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की बारशाला यायचं आणि चांगलं आठवडाभर राहायचं. मग म्हणाली, आईचं एखादं जुनं मऊ पातळ राहिलं असेल तर आणा, बाळाला दुपटी शिवते. बघतो, असं मी म्हणालो.

आता कुत्र्यांचं काय, हे पाहणं आलं. शेजारच्या बाई फार भल्या, पण कुत्र्यांना टरकायच्या. भिंतीवरून भाकऱ्या टाकीन म्हणाल्या. नाशिकमध्ये एक गृहस्थ कुत्री सांभाळायला ठेवून घेतात असं कळलं, म्हणून तिकडे जाऊन आलो. ओळीने पिंजरे होते, स्वच्छ होते, पण त्यातलं एकही कुत्रं भुंकत नव्हतं. मी पाणीही न पिता परत आलो. आमच्याकडे भाजी घेऊन येणारा मळेवाला मात्र एका पायावर तयार झाला. "चारच हायेत ना, मास्तर? मळ्यात सोडा की. रानडुकरं लय नासाडी करत्यात, तेवढाच पहारा हुईल," असं तो म्हणाला. पलंगाखाली लपणारा अल्सेशियन रानडुकरावर धावून जातोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणून मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. पण नाही म्हणालो.

खरी अडचण वेगळीच होती. ज्याच्यावर कुत्री सोपवायची, त्याला पातळाचं सांगावं लागणार होतं. ते परक्याला सांगण्यापेक्षा न गेलेलं बरं, इथपर्यंत मी आलो होतो. आणि न जावं तर ज्या मुलीचं माहेरपण झालं नाही, तिच्या लेकराच्या बारशालाही तिचा बाप नाही. असा मी आठ-दहा दिवस अडकून पडलो. शेवटी मनमाडला बायकोच्या भावाला एक पोस्टकार्ड टाकलं.

त्यांना मी बायकोसारखंच दादा म्हणायचो. त्यांनी मालगाडीवर गार्ड म्हणून उभा जन्म काढला होता. त्यांची बायको कधीच गेली होती, मुलं पांगली होती. आमचं दोघांचं वाकडं नव्हतं, पण बोलायलाही काही नव्हतं. बायको होती तोवर दोघं तिच्याशी बोलायचो, ती गेल्यावर ते दिवसांना आले आणि गेले. पत्राचं उत्तर आलं नाही. दादाच आले, पॅसेंजरने, हातात गार्डाची ती जुनी लोखंडी पेटी घेऊन. अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. आयुष्यभर गार्डांच्या मुक्कामाच्या रनिंग रूममध्ये स्वतःचे कपडे स्वतः धुतलेला माणूस, पेटीत साबण, नीळ आणि खळीसाठी साबुदाण्याची पुडी होती. शिवाय मनमाडचे. तिथे नळाला पाणी कधी येईल याची लोक लग्नासारखी वाट बघतात. आमच्याकडे नळ रोज येतो हे पाहिल्यावर त्यांनी हातपाय धुण्याआधी माझ्या खिडक्यांचे पडदे काढले.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना कुत्र्यांचं दाखवायला मागच्या ओट्यावर नेलं. भाकऱ्या कशा कुस्करायच्या, पॉमेरियनची थाळी बाकीच्यांपासून लांब का ठेवायची, सगळं सांगून झालं. मग खुंटीकडे हात जाईना. दादा हात मागे बांधून उभे होते, गाडी सुटायची वाट बघत असल्यासारखे. शेवटी मी पातळ काढून खांद्यावर घेतलं.

"हे घ्यावं लागतं," मी म्हणालो. "त्याशिवाय ती तोंड लावत नाहीत."

त्यांनी पातळाकडे बघितलं. लाळेचे डाग, केस, ताकाचे ओघळ.

"हे भाऊबीजेचं," ते म्हणाले.

"हो."

धुऊ नका, हे सांगायचं माझ्या मनात होतं. पण ते सांगितलं असतं तर का, तेही सांगावं लागलं असतं. ते मला सांगवलं नाही.

सापुताऱ्यावरून सुरत आणि तिथून बडोदा असा एसटीचा प्रवास झाला. घाटात वळणावळणाला मला कुत्रीच आठवत होती. बडोद्यात माझं चांगलं स्वागत झालं. व्याही गप्पिष्ट, विहीणबाई हाताला धरून बाळाजवळ घेऊन गेल्या. बाळ मुलगी होती. माझ्या मुलीने ती माझ्या मांडीवर दिली. ती नव्या कोऱ्या, दुकानातून आणलेल्या दुपट्यात होती.

"आणलंत?" मुलीने विचारलं.

"राहिलं," मी म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी कुत्र्यांची वेळ टळून गेली की मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायचो. शेजारच्या बाई भिंतीवरून दादांना हाक मारायच्या. ते यायचे, धापा टाकत. मी विचारायचो, जेवली का? ते म्हणायचे, जेवली. चारही? चारही. तेवढ्यावर फोन संपायचा. एकदा मी विचारलं की पातळ घेता ना खांद्यावर? पलीकडे काही क्षण नुसती खरखर ऐकू आली. मग ते म्हणाले, तुम्ही तिकडचं बघा. झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली. दादा खोटं बोलतायत, कुत्री उपाशी आहेत, म्हातारी तर गेलीही असेल आणि मला इकडे बारशात त्रास नको म्हणून ते सांगत नाहीयेत, असं मी धरून चाललो. बारशाच्या दिवशी बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. मी फोटोत उभा राहिलो. पण माझं लक्ष तिथे नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली. विहीणबाई राहा म्हणाल्या, व्याही राहा म्हणाले. मुलगी बाळाला घेऊन दारापर्यंत आली. मी कुत्र्यांचं सांगायला लागलो, तर तिने मध्येच थांबवलं.

"आई माझीही गेलीये, बाबा," ती म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघालो. थांबायला हवं होतं हे मला पायरी उतरतानाच कळत होतं, तरी पाय चालत राहिले. गाडीत शेजारच्या माणसाने दोनदा बोलायचा प्रयत्न केला. मी डोळे मिटून घेतले.

रस्त्यात वस्तीला थांबून दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मी कॅम्पात पोचलो. फाटकाशी एकही कुत्रं नव्हतं. घराला वळसा घालून मागे गेलो. ओट्यावर चार थाळ्या होत्या आणि चारही तोंडं त्यात होती. दादा पांढऱ्या बनियनमध्ये, कमरेला पंचा लावून, ताकाचं भांडं धरून उभे होते. त्यांचे खांदे मोकळे होते. अंगणातल्या तारेवर ते पातळ होतं. स्वच्छ, कडक, चिमटे लावून ताणलेलं. डाग गेले होते. इतक्या वर्षांत मी विसरून गेलो होतो की त्याला किनार पिवळी आहे.

कुत्र्यांनी मला बघितलं आणि थाळ्या सोडून अंगावर आली. मी त्यांना बाजूला सारलं.

"धुतलंत?"

"धुतलं," दादा म्हणाले.

मला इतका राग आला की मी खालीच बसलो. त्या माणसाला ओरडून हाकलून द्यावं असं वाटलं. तुमच्या मनमाडला पाणी नाही म्हणून माझं होतं नव्हतं ते धुऊन टाकलंत, असं अगदी जिभेवर आलं होतं. मी तारेकडे बघत राहिलो. दादांनी भांडं खाली ठेवलं, हात पुसले आणि माझ्यापासून थोडं अंतर ठेवून पायरीवर बसले. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

ते म्हणाले की पहिल्या संध्याकाळी त्यांनी मी सांगितलं तसंच केलं. पातळ खांद्यावर घेतलं, थाळ्या मांडल्या. कुत्री आली. म्हातारीने पातळ हुंगलं आणि ती सरळ जाऊन फाटकाशी बसली. तिच्यामागे बाकीची गेली. थाळ्या भरलेल्या तशाच. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. पातळ दिसलं की हुंगायची आणि रस्त्याकडे तोंड करून बसायची. फोनवर जेवली म्हणाले ते त्या दोन दिवसांपुरतं खोटं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पातळ भिजत घातलं आणि त्या संध्याकाळी चौघांनी थाळ्या चाटूनपुसून साफ केल्या.

"कुणाची वाट बघत होती?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

दादा तारेकडे बघत होते.

"भिजवायच्या आधी मी ते नाकाशी धरलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, तिचा वास असेल. एकदा घ्यावा. नव्हता, दाजी. तुमचा होता."

कॅम्पाच्या बाजूला गाडीची शिटी झाली. लंगडा येऊन माझ्या पिशवीचा वास घ्यायला लागला. दीड वर्ष मी ते पातळ रोज खांद्यावर घेत होतो, अंधार पडेपर्यंत. तिचा वास त्यातून कधी गेला? कुठल्या तरी एका संध्याकाळी तो शेवटचा असणार, आणि मी त्या संध्याकाळी बहुतेक भाकऱ्या कमी पडल्या म्हणून वैतागलेला असणार. मला हे फार लागलं. दादांनाही लागलं होतं, ते त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं. बहिणीचा वास घ्यायला ते माझ्या घरी आले होते आणि त्यांना मी सापडलो.

थोड्या वेळाने मी सांगितलं, "पोरीने मागितलं होतं. दुपट्यांना."

"मग दिलं का नाहीत?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. उठले, तारेपाशी गेले, चिमटे काढले आणि पातळाच्या कडेवर अंगठा फिरवून बघितला.

"खळ जास्त झालीये. बाळाला टोचेल," ते म्हणाले. "पुन्हा पाण्यातून काढू. तुम्ही उद्याच्या गाडीने परत जा, मी आहे इथे. मला मनमाडला कोण बोलावतंय?"

त्यांनी बादली भरली, पातळ बुडवलं, चुबकलं, पाणी बदललं, पुन्हा बुडवलं. खळ निघाली आणि ते पुन्हा मऊ झालं. मग त्यांनी एक टोक माझ्याकडे दिलं. एवढं पातळ एकट्याने पिळता येत नाही. अंगणात दोन बाजूंना आम्ही दोघं म्हातारे उभे राहिलो, ते एकीकडे आणि मी दुसरीकडे पीळ देत होतो, आणि मध्ये पाण्याची धार लागली होती. म्हातारी हळूहळू उठून आली. तिने ओल्या पातळाला नाक लावलं, क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग सरळ माझ्या पायाशी येऊन बसली.